कोंड्याचा मांडा आणि कांद्याचे राजकारण

दिल्लीतील भाजीच्या दराला देशातील अन्य कोणत्याही शहरातील दरापेक्षा अधिक राजकीय वजन आहे. नागपुरात वा भुवनेश्वरात कांदा महागला तर ती स्थानिक बातमी ठरते. तोच आझादपूरच्या घाऊक बाजारात महागला की ग्राहक व्यवहार मंत्रालयात बैठक लागते, वाहिन्यांचे कॅमेरे मंडईत पोहोचतात आणि विरोधी पक्षाचे नेते कांद्याच्या माळा गळ्यात घालून निदर्शनांना उभे राहतात. राज्यकर्ते, नोकरशहा आणि पत्रकार हे तिघेही एकाच शहरात भाजी विकत घेतात, हे त्यामागील साधे कारण. १९९८ च्या ऑक्टोबरात भारतीय जनता पक्षाने साहिबसिंग वर्मा यांना बाजूला सारून सुषमा स्वराज यांच्याकडे दिल्लीचे मुख्यमंत्रिपद सोपवले, तेव्हा कांदा किलोमागे पन्नाशीच्या आसपास पोहोचला होता. नोव्हेंबरातील निवडणुकीत काँग्रेसला ७० पैकी ५२ जागा मिळाल्या, भाजपच्या वाट्याला १५ आल्या. दिल्लीची सत्ता पुन्हा हाती येण्यासाठी त्या पक्षाला २०२५ ची वाट पाहावी लागली. १९९८ च्या पराभवाला कारणे अनेक होती. परंतु राजकारण्यांच्या स्मरणात राहिला तो कांदाच.

या स्मरणाची किंमत आजवर कोणी मोजली, हा प्रश्न दिल्लीतील मराठी कुटुंबांना इतरांपेक्षा अधिक जवळचा असायला हवा. कारण ही कुटुंबे तराजूच्या दोन्ही पारड्यांत बसलेली आहेत. रामकृष्णपुरम किंवा लोधी कॉलनीतील सरकारी निवासस्थानात महिन्याचा खर्च बसवताना ती ग्राहक असतात. त्यांच्याच घरातले दीर, मामा, चुलते निफाड, येवला, जुन्नर, लोणंद या पट्ट्यांत कांदा पिकवीत असतात. दिल्लीत जो दर परवडतो तो गावी परवडत नाही, आणि गावी ज्या दराने कर्ज फिटते त्या दराने दिल्लीत बातमी होते.

आधी दिल्लीतील पारडे पाहू. बदली होऊन आलेल्या मराठी घराचा इथला पहिला महिना बहुधा महाग जातो. जुने स्वयंपाकघर नव्या बाजारात चालवण्याचा प्रयत्न होतो, हे त्याचे कारण. ज्वारी, कोकम, आंबेमोहोर, गोडा मसाला हे सारे दिल्लीत मिळते. आयएनए मार्केटात तर काय मिळत नाही? परंतु ते आयएनएच्या भावाने मिळते. शेंगदाणा हा मराठी घरात बारमाही जिन्नस; दिल्लीकराच्या लेखी ‘मूंगफली’ म्हणजे थंडीत कोपऱ्यावर भाजून विकली जाणारी चैन. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून शहाणपण येऊ लागते. ज्वारीची जागा थंडीत हरियाणा-राजस्थानातून येणारी बाजरी घेते, आमटीत तूर आणि मसूर आलटून पालटून येतात, आणि कोकम, गोडा मसाला, कोरड्या चटण्या गावाहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीवर सोपवल्या जातात. भाज्यांची नावेही नव्याने शिकावी लागतात. दुधीला इथे घिया म्हणतात आणि लाल भोपळ्याला सीताफल. सीताफळ इतके स्वस्त कसे, म्हणून हरखून पिशवी पुढे करणाऱ्याच्या हाती अक्षरशः भोपळा येतो.

काटकसरीचे खरे ठिकाण म्हणजे आठवडी बाजार. सोम बाजार, मंगल बाजार, बुध बाजार असे वारांच्या नावांनी ओळखले जाणारे हे बाजार वसाहतींच्या रस्त्यांवर संध्याकाळी भरतात. रात्री उशिरा, विक्रेता गाठोडे बांधण्याच्या बेतात असताना, भाव आपोआप उतरतो; मात्र तेव्हा मालही निवडून घेण्याजोगा उरलेला नसतो. ज्यांना आणखी खाली जायचे आहे ते तीन-चार घरे मिळून ओखला, गाझीपूर किंवा आझादपूर गाठतात आणि क्रेटने भाजी आणून वाटून घेतात. डीटीसीच्या बसमध्ये महिलांना ऑक्टोबर २०१९ पासून विनाशुल्क प्रवास मिळू लागला, तेव्हा या हिशोबातील एक मोठा अडसर दूर झाला. चाळीस रुपये वाचवण्यासाठी पन्नास रुपये भाडे देण्यात काय हशील, असा तो अडसर होता.

दिल्लीचे ऋतुमानही हिशोबात धरावे लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मटार, गाजर, फ्लॉवर, मेथी, मुळा यांची इथे इतकी रेलचेल असते की पुण्या-मुंबईच्या माणसाने हेवा करावा. जाणती घरे याच दिवसांत मटार सोलून बर्फपेटीत भरतात. जुलै ते ऑक्टोबर हे महिने मात्र कठीण. पावसाने भाजीची आवक घटते, उन्हाळ कांद्याचे साठे संपत येतात आणि खरिपाचा कांदा अजून शेतात असतो. कांदेनवमीला कांद्याचे पोटभर पदार्थ खाऊन पुढे चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करण्याची जुनी प्रथा नेमकी याच टंचाईच्या महिन्यांवर येऊन पडते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रथा पाडणाऱ्यांनी बाजारभाव पाहिला होता असे म्हणण्यास आधार नाही. पण ती पाळणाऱ्या घराला तो पाहावा लागत नाही, एवढे खरे.

उरलेली बचत किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांत असते. मदर डेअरीच्या केंद्रावर टोकन टाकून घेतलेले सुटे दूध पिशवीतल्या दुधापेक्षा स्वस्त पडते. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या बंद व लेबल लावलेल्या धान्य-पिठावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याहून मोठ्या गोणीला तो लागत नाही, म्हणून बाजारात २६ किलोच्या गोण्या अवतरल्या. सुटा गहू घेऊन चक्कीवर दळणारे घर या कराच्या कक्षेत येतच नाही. चांदणी चौक आणि करोलबागेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात असलेल्या गलाई मंडळींना हे शिकवावे लागत नाही. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतून आलेल्या या कारागिरांपैकी अनेक जण एकत्र राहतात, एकत्र शिजवतात आणि चांदणी चौकालगतच्या खारी बावलीतून भुसार माल घाऊक भावाने उचलतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत गावी नाव असलेल्या स्थलांतरितासाठी आणखी एक दार २०२१ च्या जुलैत उघडले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेत दिल्ली सामील झाली, आणि महाराष्ट्रातील पत्रिकेवर इथल्या रास्त भाव दुकानात धान्य घेण्याची सोय झाली. माणशी ५ किलोचे हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. गावी राहिलेल्या आई-वडिलांनी त्यांच्या वाट्याचे तिथे आणि मुलाने आपल्या वाट्याचे इथे उचलावे, अशी विभागणीही त्यात करता येते. ज्यांना हे ठाऊक नाही, ते अजूनही दुकानातून पूर्ण भावाने तांदूळ आणतात.

सरकारी नोकरांसाठी कधी काळी याहून मोठी व्यवस्था होती. केंद्रीय भांडार ही कर्मचाऱ्यांची सहकारी संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि महागाईला आवर घालण्यासाठी त्याच वर्षी कॅनॉट प्लेसमध्ये सुपर बझार उघडला. एका पिढीतील मराठी अधिकाऱ्यांचे महिन्याचे वाणसामान तिथूनच येत असे. तोट्यात गेलेला सुपर बझार २००२ च्या सुमारास बंद पडला. केंद्रीय भांडार तेवढे तगले. आता नोएडा-गुरगावच्या उंच इमारतींत राहणारी पुढची पिढी दूरध्वनीवर बोट ठेवून दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी मागवते. दरवेळी पाच-दहा रुपयेच जास्त जातात. परंतु महिन्याची यादी करण्याची सवय मोडते, आणि कोथिंबिरीसोबत चिप्सचे पाकीटही येते. २०१६ मध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाचा निर्णय झाला, तेव्हा जुन्या तळमजल्यांच्या मागे मेथी, पालक लावण्याची जागाही गेली. तिची नोंद कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडणार नाही.

हा झाला घरचा हिशोब. सरकारचाही एक हिशोब असतो. न्या. अशोककुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या वेतन आयोगाने २०१५ मध्ये किमान वेतन १८ हजार रुपये ठरवले, ते चक्क एका कुटुंबाच्या किराणा यादीवरून. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने आहारतज्ज्ञ डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांच्या सूत्रावर बेतलेले निकष त्याला आधार होते. महिन्याला पावणेत्रेचाळीस किलो धान्य, ७.२ किलो डाळी, सर्व मिळून २७ किलो भाज्या, १८ लिटर दूध, ३.६ किलो तेल, ९० अंडी, शिवाय फळे, साखर, मासे, मांस. कमावत्या पुरुषाचे एक उपभोग-एकक, पत्नीचे ०.८, दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, एकूण तीन. वीस टक्के कमी खाणाऱ्या या गृहिणीनेच उरलेल्या सर्वांचा हिशोब जुळवायचा असतो, याची दखल सूत्रात नाही. २०२५ मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला आहे. ही यादी त्याच्यासमोर पुन्हा येईल.

यादी आणि वास्तव यांच्यात अंतर पडले आहे, हे सरकारचेच आकडे सांगतात. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भागात खर्चाचा सुमारे ४० टक्के वाटा अन्नावर जातो. त्यातला सर्वांत मोठा भाग, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर; भाजीपाल्यावर जेमतेम चार टक्के. घराला गळती लागली आहे ती बिस्किटे, फरसाण आणि बाहेरून मागवलेल्या जेवणात. ज्या कांद्यावरून सरकारे कापतात त्याचा क्रम फार खाली लागतो.

चौघांच्या घराला महिन्याला पाच किलो कांदा लागतो असे धरू. दर तीसवरून साठवर गेला तर महिन्याला दीडशे रुपये वाढले. अशी चढती साधारणतः दोन-तीन महिने टिकते. म्हणजे वर्षाला तीनशे ते साडेचारशे रुपये. आता दूध पाहा. एप्रिल २०२५ च्या अखेरीस मदर डेअरीने लिटरमागे दोन रुपयांपर्यंत वाढ केली. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराला ती महिन्याला नव्वद आणि वर्षाला हजाराच्या वर पडते, आणि ती परत उतरत नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात दूध व दुग्धपदार्थांचा भार साडेसहा टक्क्यांहून अधिक होता, तर कांद्याचा पाऊण टक्काही नव्हता. तरीही दुधाच्या दरावरून दिल्लीत मुख्यमंत्री बदलल्याचे ऐकिवात नाही. दूध सावकाश महागते. कांदा एका पंधरवड्यात दुप्पट होतो आणि नजरेत भरतो.

झोपडवस्तीत भाकरी-कांद्यावर जेवण भागवणाऱ्या मजुराचा हिशोब अर्थातच वेगळा. त्याच्यासाठी दीडशे रुपये ही किरकोळ रक्कम नव्हे, आणि त्याला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे. परंतु सरकारी गाड्यांवरील ३५ रुपये किलोचा कांदा सप्टेंबर २०२४ मध्ये विकला गेला तो मेट्रो स्थानके आणि सरकारी कार्यालयांच्या परिसरात, येईल त्याला. २०२३ मधील स्वस्त टोमॅटो, साठ रुपयांची ‘भारत’ चणाडाळ आणि साडेसत्तावीस रुपयांचे ‘भारत’ पीठ यांचीही विक्री याच धर्तीवर झाली. रांगेत शिपाई असतो तसा अवर सचिवही असतो. त्यात गैर काही नाही. पण या सवलतीचे ओझे केवळ तिजोरीवर पडते, अशी समजूत करून घेऊ नये.

ते कोणावर पडते, यासाठी लासलगावकडे वळावे लागते. देशातील कांद्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक महाराष्ट्र पिकवतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याकडे पोहोचतात. भाव कोसळतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा दिल्लीने या भावाची तेवढ्यापुरती दखल घेतली. भाव चढतो तेव्हा मात्र दिल्ली तत्पर असते. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान तीन आठवड्यांवर असताना, पुन्हा. सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एकदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी तर सरसकट बंदी आली, तीही खरिपाचा कांदा बाजारात उतरत असताना. काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याच्या खाली गेला.

मराठी नेत्यांनी हा पेच आतून अनुभवला आहे. २००४ पासून २०११ च्या जानेवारीपर्यंत शरद पवार यांच्याकडे कृषी आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती होती. एका खात्याचा मंत्री म्हणून भाव चढता राहावा आणि दुसऱ्याचा मंत्री म्हणून तो उतरावा, अशी ती विचित्र योजना. पवारांचा कल उत्पादकाकडे असल्याचे दिल्लीतील माध्यमांनी दोष म्हणून सांगितले; नाशिकमध्ये ते गुण म्हणून सांगितले गेले. कांद्याच्या त्या हिवाळ्यानंतर ग्राहक व्यवहार खाते के. व्ही. थॉमस यांच्याकडे गेले. पुढे पीयूष गोयल यांच्या हाती वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार एकत्र आले. निर्यात वाढवण्याची जबाबदारी आणि निर्यात रोखण्याची मागणी एकाच टेबलावर आल्यावर निर्णय कोणत्या बाजूने लागणार, हे २०२३ च्या हिवाळ्यात दिसले.

त्याची राजकीय वसुली २०२४ मध्ये झाली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधील २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची मुभा मिळाली आणि नाशिकमध्ये संताप उसळला. ४ मे रोजी सर्वच बंदी उठवली गेली, परंतु ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. २० मे रोजी मतदान झाले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे यांच्याकडून पराभूत झाल्या. दिल्लीचे सिंहासन हलवणारा कांदा या वेळी उलट्या दिशेने, उत्पादकाच्या हातून चालला होता. त्याचा परिणाम सप्टेंबरात दिसला. किमान निर्यात किंमत रद्द झाली, शुल्क निम्म्यावर आले, आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने नाशिक जिल्ह्यातील बहुतेक जागा जिंकल्या. शेतकऱ्याची स्मृती राजकारण्याच्या स्मृतीहून तोकडी ठरली, की त्याच्यापुढे दुसरे प्रश्न होते, याचे उत्तर एका वाक्यात देणे अवघड आहे. मात्र त्याच सप्टेंबरात सोयाबीन उत्पादकांसाठी म्हणून खाद्यतेलाचे आयात शुल्क वाढवले गेले. दिल्लीतील घराला तेल महाग पडले, आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. ग्राहकाच्या खिशातून गेलेला प्रत्येक रुपया उत्पादकाकडे जातोच असे नाही, हेही त्या हंगामाने दाखवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा घेऊन ‘कांदा एक्स्प्रेस’ दिल्लीच्या किशनगंज स्थानकात दाखल झाली. राखीव साठ्याचा हा कांदा सरकारने शेतकऱ्यांकडून खरेदी केलेला होता. बंदी घालून भाव पाडण्यापेक्षा हा मार्ग बरा. साठा वेळेत आणि रास्त दराने खरेदी केला, तर टंचाईत तो गरिबांच्या वस्तीत नेता येतो आणि निर्यातीचे दार उघडे राहते. अडचण एवढीच की खरेदी दिल्लीतील दर डोळ्यांसमोर ठेवून होते आणि तिच्या पारदर्शकतेविषयी नाशिकचे शेतकरी सातत्याने तक्रार करीत आले आहेत.

एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्णपणे हटले. तोवर परदेशी ग्राहक इतरत्र वळू लागले होते आणि देशात उन्हाळ कांद्याचे पीक भरघोस आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आणि खाद्यपदार्थांचा उणे ५.०२ टक्के नोंदला गेला. दिल्लीत त्या महिन्यात कांद्यावर ना बैठक झाली ना निदर्शने. त्या सुमारास लासलगावात सरासरी भाव क्विंटलमागे हजार-बाराशे रुपयांच्या घरात अडकला होता, आणि दिवाळीच्या सुटीत गावी गेलेल्या दिल्लीकरांना कांदाचाळीत कोंब फुटलेला माल निवडून बाजूला काढणारी घरची माणसे दिसली.